जुन्या ट्रॅक्टरचा प्लग बदलायचाय? आधी तो कुठला प्लग आहे ते बघा

डिसेंबर लागला की निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू होतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की तोच आकडा सगळीकडे फिरतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याचे फोटो येतात, मणी तडकतील म्हणून लोक पहाटे उठून बागेला पाणी देतात. पण त्याच पहाटे कितीतरी वस्त्यांवर अजून एक झटापट चाललेली असते, ती कधी बातमीत येत नाही. ट्रॅक्टर चालू होत नसतो. भुरीची फवारणी करायचीय, ब्लोअर जोडून ठेवलाय, टाकीत औषध कालवून झालंय, आणि सेल (स्टार्टर) मारला की आतून नुसतं घुर्र घुर्र.

मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलत भावाचा असाच पहाटे मेसेज आला. "दादा, ट्रॅक्टरचा प्लग गेलाय बहुतेक. इरिडियमचा टाकू का? व्हिडिओत दाखवतात, एका सेलात चालू होतो."

इरिडियमचा म्हणजे इरिडियम धातूच्या टोकाचा स्पार्क प्लग, तो पेट्रोल इंजिनाला लागतो. पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्लग हा शब्दच असा झालाय की मोटारसायकलचा पण प्लग, ट्रॅक्टरचा पण प्लग, आणि दुकानात जाऊन "प्लग द्या" म्हटलं की समोरचा काहीतरी देतोच. पण या दोन वस्तू इतक्या वेगळ्या आहेत की एकीबद्दलचा सल्ला दुसरीला लावला तर पैसे तर जातातच, कधी कधी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलायची वेळ येते. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

## डिझेल पेटतं कशानं?

सायकलमध्ये हवा भरायचा पंप सगळ्यांनी मारलाय. जोरात दहा-पंधरा वेळा मारला की पंपाची खालची बाजू हाताला चटका देते. तिथे काही पेटवलेलं नसतं, हवा दाबली की ती तापते, एवढंच. डिझेल इंजिन म्हणजे हाच पंप, फक्त फार ताकदीचा. आत घेतलेली हवा पिस्टन सोळा-सतरा पट, काही इंजिनांत वीस-बावीस पट दाबतो, त्यामुळे ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की डिझेल आपोआप पेट घेतं. ठिणगीची गरजच नाही. म्हणून डिझेल ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो, नवीन असो की चाळीस वर्षं जुना.

पेट्रोलचं उलट. पेट्रोल आणि हवा आधीच मिसळून आत जातात, दाब कमी असतो, जुन्या पेट्रोल इंजिनांत तर जेमतेम सहा-सात पट, आणि मग बरोबर वेळेला ठिणगी पाडून ते मिश्रण पेटवावं लागतं. ती ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. बॅटरी १२ व्होल्टची असते पण प्लगच्या टोकाशी कॉइलमधून दहा-वीस हजार व्होल्ट येतात, तेव्हा कुठे वीज त्या छोट्या फटीतून उडी मारते.

थोडक्यात, पेट्रोल पेटवायला काडी लागते आणि डिझेल दाबाच्या उष्णतेवर पेटतं.

## मग व्हिडिओतल्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग कसा?

कारण तो ट्रॅक्टर पेट्रोलचा असतो. अमेरिकेत फोर्डचा ८एन नावाचा ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ या काळात लाखोंनी विकला गेला, तो पेट्रोलवर चालायचा. ब्रिटनमधला करड्या रंगाचा छोटा फर्ग्युसन १९४६ पासून आला, त्यात पेट्रोल आणि रॉकेलसारख्या इंधनावर चालणारी मॉडेलं होती, डिझेलचं पण होतं. तिकडचे हौशी लोक अजून हे ट्रॅक्टर जपतात, त्यांचे प्लग, पॉइंट, कॉइल बदलतात आणि व्हिडिओ टाकतात. त्यांच्यासाठी ती माहिती शंभर टक्के बरोबर आहे.

आपल्याकडे आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये निघाला, महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर सुरुवात केली, स्वराज १९७४ चा. हे सगळं घराणं डिझेलचं. तुमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नावापुढे "डीआय" लिहिलंय का बघा. खूप जणांना वाटतं ते मॉडेलचं नाव आहे. ते आहे डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

## ट्रॅक्टरमधला "प्लग" म्हणजे हीटर प्लग

आता खरा मुद्दा. हवा दाबून तापते हे ठीक, पण पहाटे ५ अंशाला इंजिनाचं सगळं लोखंड गार पडलेलं असतं. हवा जेवढी तापते त्यातली बरीच ऊब हे गार लोखंड शोषून घेतं, जशी गार स्टीलच्या पेल्यात ओतलेला चहा दोन मिनिटांत कोमट होतो. डिझेल पेटायला लागते तेवढी उष्णता उरतच नाही.

त्यावर दोन प्रकारे इलाज केलाय. जुन्या आणि छोट्या इंजिनांत मुख्य खोलीच्या बाजूला एक लहान गोल खोली असते, तिला प्री-चेंबर म्हणतात, डिझेल आधी तिथे पेटतं. या खोलीच्या भिंतींना ऊब जास्त जाते म्हणून तिथे विजेवर लाल होणारी एक कांडी बसवतात. तोच हीटर प्लग, काही लोक ग्लो प्लग म्हणतात. चावी अर्धी फिरवून दहा-वीस सेकंद थांबायचं, कांडी लालबुंद होते, मग सेल मारायचा. द्राक्षबागेत ओळींमधून फिरणारे जे जपानी बनावटीचे छोटे ट्रॅक्टर आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना हीटर प्लग आहेत.

डीआय इंजिनात ही वेगळी खोलीच नाही, उष्णता कमी वाया जाते, म्हणून बऱ्याच डीआय ट्रॅक्टरांना सिलिंडरमध्ये कुठलाच प्लग नसतो. काहींना हवा आत जाते त्या मॅनिफोल्डवर एकच हीटर असतो, चावी फिरवली की तो तापतो आणि काहींत त्यावर थोडं डिझेल पडून बारीक ज्योत पेटते, म्हणजे आत जाणारी हवाच गरम होऊन जाते.

तर सगळ्यात आधी टॉर्चच्या उजेडात नाही, दिवसा उजेडी इंजिनाच्या हेडकडे बघा. नोझल कुठला ते ओळखा, त्याला लोखंडी पाइप येऊन जोडलेला असतो. हीटर प्लगला पाइप नसतो, फक्त वायर किंवा सगळ्या प्लगांना जोडणारी एक पट्टी असते. दोन्ही नसतील तर तुमच्या इंजिनात बदलायला प्लगच नाही, आणि सकाळचं दुखणं दुसरं काहीतरी आहे.

## एक प्लग नवा, तीन गार

भावाचा ट्रॅक्टर काकांनी घेतलेला, फार जुना, प्री-चेंबरचा, चार हीटर प्लग. तो आधीच एका दुकानातून एक "नवीन" प्लग आणून बसवून मोकळा झाला होता आणि तरी फरक नव्हता. उलट आधी दोन-तीन सेलात घेत होता तो आता घेईच ना. मी गेलो तेव्हा आमचे नेहमीचे मेस्त्री आले होते, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी इंजिनाला हात लावला नाही. चावी हीटरवर धरायला सांगितली आणि डॅशबोर्डकडे बघत उभे राहिले. त्या ट्रॅक्टरला डॅशबोर्डवर छोट्या जाळीच्या मागे तारेचं एक वेटोळं आहे, हीटर चालू असला की ते लाल होतं. ते लाल झालं नाही. मग मामांनी चारही प्लगांच्या अंगाला एकेक करून बोट टेकवलं. नवीन प्लग चांगला गरम, बाकी तिन्ही बर्फ.

"एकच माळेतला दिवा बदलला का रे?" मामांनी विचारलं.

हे समजून घेण्यासारखं आहे. फार जुन्या ट्रॅक्टरांत हीटर प्लग दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. पहिल्यातून निघालेला करंट दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि त्याच ओळीत डॅशबोर्डची तार. म्हणून प्रत्येक प्लगच्या वाट्याला पूर्ण १२ व्होल्ट येत नाहीत, जेमतेम दीड-दोन व्होल्ट येतात आणि प्लग बनवलेलाच तेवढ्यासाठी असतो. जाड तारेचं वेटोळं, अवरोध अगदी कमी. त्या माळेत दुकानदाराने दिलेला १२ व्होल्टचा प्लग घातला, त्याचा अवरोध बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त, मग जवळजवळ सगळे व्होल्ट तो एकटाच खाऊन बसला. तो तापला, बाकीचे गार राहिले, डॅशबोर्डची तार पण.

उलटं केलं तर याहून वाईट होतं. नंतरच्या ट्रॅक्टरांत प्लग समांतर जोडलेले असतात, घरातल्या बल्बांसारखे, प्रत्येकाला थेट १२ व्होल्ट. तिथे चुकून दीड-दोन व्होल्टचा जुना प्लग बसवला की तो काही सेकंदांत जळतो.

माळेची अजून एक खोड. एक प्लग तुटला की चारही बंद, आणि कुठला तुटला ते नुसतं बघून कळत नाही. समांतर जोडणीत एक गेला तर बाकीचे चालतात, ट्रॅक्टर चालू होतो पण सुरुवातीला एका सिलिंडरवर लंगडतो, पांढरा धूर सोडतो आणि मिनिटभराने सुधारतो.

## गेलाय की नाही ते घरी कसं बघायचं

साधं मल्टिमीटर पुरतं. समांतर जोडणी असेल तर आधी सगळ्या प्लगांवरची पट्टी काढा, नाहीतर एकाचं माप घेताना चौघांचं येईल. मीटर ओहमवर लावा, एक टोक प्लगच्या वरच्या बोल्टला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. १२ व्होल्टचा चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तो तुटलाय. स्वस्त मीटरच्या वायरींचा स्वतःचाच थोडा अवरोध असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून किती येतं ते बघा आणि ते वजा करा. जुन्या माळेच्या प्लगांचा अवरोध इतका कमी असतो की साध्या मीटरवर नीट कळत नाही, तिथे फक्त तुटलाय की नाही एवढंच बघायचं.

मीटर बरोबर दाखवतंय तरी प्लग म्हातारा झालेला असू शकतो. काढलेला १२ व्होल्टचा प्लग पकडीत नीट धरून बॅटरीवर लावून बघता येतो, चांगला असेल तर काही सेकंदांत आधी टोक लाल होतं. बुडाकडून लाल व्हायला लागला किंवा टोक सुजलंय, फुटलंय असं दिसलं तर बदला. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका, आणि जुना माळेचा प्लग असा कधीच थेट बॅटरीवर लावू नका.

बदलायचे तर चारही एकदम बदला. एकाच दिवशी बसवलेले असतात, एक गेला म्हणजे बाकीचे मागे उभेच असतात.

## काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं

हे जरा सविस्तर सांगतो कारण प्लग खराब निघाल्याने जेवढे लोक अडचणीत येत नाहीत तेवढे काढताना येतात. हीटर प्लगची कांडी पेन्सिलीपेक्षा बारीक असते आणि वर्षानुवर्षांचं कार्बन तिच्याभोवती सिमेंटसारखं जमलेलं असतं. थंड इंजिनात लांब पाना लावून जोर दिला की वरचा भाग हातात येतो आणि कांडी आत राहते. मग हेड उतरवा, ड्रिल मारा, दोन दिवस गेले, आणि द्राक्षाच्या हंगामात दोन दिवस म्हणजे काय ते बागायतदाराला सांगायला नको.

म्हणून आदल्या रात्री प्लगच्या आट्यांशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन चालवून कोमट करा, गरम झालं की लोखंड पसरतं आणि आटे सैल होतात. आजूबाजूची माती हवा मारून साफ करा, नाहीतर प्लग निघाला की ती सरळ इंजिनात. मग गोटी पाना सरळ बसवून हळू फिरवा, अडला तर थोडा उलटा घट्ट करा, पुन्हा सोडा, तेल टाका, असं पुढेमागे करत काढा. मामांना एक प्लग काढायला अर्धा तास लागला, मधे ते दोनदा नुसते थांबले, चहा घेतला, पुन्हा तेल सोडलं.

बसवताना पहिले चार-पाच आटे बोटांनीच गेले पाहिजेत. तिरपा बसतोय असं वाटलं तर काढून पुन्हा लावा. आणि वरचा वायरीचा छोटा नट हलक्या हाताने, तिथला बोल्ट पटकन तुटतो आणि नवा प्लग वाया जातो. नवीन प्लग घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि शेजारी धरून बघा, व्होल्ट, आट्यांचा जाडपणा आणि आत जाणाऱ्या कांडीची लांबी तिन्ही सारखी हवी. कांडी लांब असली तर आत आपटू शकते.

## हीटर प्लगचं अपग्रेड असतं का?

असतं, आणि जुन्या माळेवाल्या ट्रॅक्टरला ते खरंच उपयोगी आहे. माळ काढून १२ व्होल्टचे पेन्सिलीच्या आकाराचे प्लग समांतर बसवायचे. भावाच्या ट्रॅक्टरचं आम्ही हेच केलं. डॅशबोर्डची तार आणि तिच्यासोबतचा रेझिस्टन्स वायरिंगमधून काढून टाकावा लागतो, नाहीतर प्लगांना पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. प्रत्येक प्लग आठ-दहा अँपियर, सुरुवातीला त्याहून जास्त ओढतो, चार मिळून चाळीसच्या आसपास, तेव्हा बारीक वायर चालत नाही, ती तापून वितळते. जाड वायर, फ्यूज आणि चावीवर ताण नको म्हणून एक रिले, म्हणजे मोठा करंट स्वतःवर घेणारा स्विच. जुने प्लग दोन टोकांचे होते, नवे इंजिनाच्या लोखंडातून अर्थ घेतात, म्हणून बॅटरीकडून इंजिनाला येणारी अर्थची पट्टी घासून पुसून स्वच्छ केली. हे काम वायरिंग कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

५० एचपीच्या वरचे नवीन ट्रॅक्टर, ज्यांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यात मात्र सेन्सर आणि कॉम्प्युटर असतो. तिथे घरी वायर कापायला जाऊ नका.

## "प्लग नवे टाकले तरी सकाळी घेत नाही"

हे मी खूप जणांकडून ऐकतो. प्लग फक्त मदत करतो, मुख्य उष्णता दाबातून येते. आणि दाब तेव्हाच नीट तयार होतो जेव्हा इंजिन पुरेशा वेगात फिरतं. सायकलचा पंप हळूहळू दाबला तर तापतो का? नाही तापत, हवा बाजूने निसटते आणि ऊबही निघून जाते. तसंच अशक्त बॅटरीवर इंजिन रेंगाळत फिरलं की कितीही चांगला हीटर असला तरी डिझेल पेटत नाही. म्हणून माझ्या मते सकाळच्या तक्रारीत पहिला हात बॅटरीला लावावा. रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२ वर आली असेल तर जवळजवळ रिकामी. सेल मारताना दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलीय किंवा टर्मिनलला पांढरं-हिरवं साचलंय. कोमट पाण्याने धुवून, घासून, घट्ट करून बघा, कितीतरी ट्रॅक्टर एवढ्यावर चालू झालेले मी पाहिलेत.

पुढची खूण सायलेन्सर सांगतो. सेल मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, उष्णता कमी पडतेय, हीटर, बॅटरी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघा. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही, फिल्टर चोंदलाय किंवा लाइनने एअर घेतलीय. रात्री कुठल्यातरी सैल जोडातून हवा शिरते, डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी लाइन रिकामी. पहाटे हातपंप मारून फिल्टरवरचा बोल्ट ढिला करा, फेस थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करा, आणि त्यानंतर ट्रॅक्टर लगेच चालू झाला तर तुमच्या प्लगांचा काही दोष नव्हता.

नोझल पण बघावा लागतो. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, थेंब थेंब गळत असेल तर डिझेल पेटत नाही. आपण नाशिककर मायको सर्कल हे नाव रोज घेतो, त्या मायकोचं नाव २००८ पासून बॉश झालं, सातपूरच्या त्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझलच बनतात. नोझल तपासायचं मशीन इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात असतं, ते घरी करायचं काम नाही, त्या फवाऱ्याखाली हात गेला तर डिझेल कातडी फोडून आत जातं.

आणि दुपारी उन्हात पण त्रास देत असेल, निळा धूर असेल, ऑइल खात असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्याला प्लग, स्प्रे, बॅटरी कशाचाच उपयोग नाही, इंजिनाचं काम काढावं लागणार.

## "आम्ही बोळा पेटवून चालू करतो, काय होतं?"

डिझेलचा बोळा पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा, किंवा स्टार्टिंग स्प्रे मारायचा, हे गावोगाव चालतं आणि चालू होतं हेही खरं. पण स्प्रेमध्ये ईथर असतं, ते डिझेलच्या कितीतरी आधी पेट घेतं. हीटर प्लग लाल असताना ते आत गेलं तर पिस्टन वर यायच्या आधीच आत भडका होतो, पिस्टन फुटतो, कधी ज्योत उलटी तोंडावर येते. ज्या इंजिनाला हीटर आहे त्याला स्प्रे मारूच नका. बोळ्याने एअर क्लीनरचं रबर, जवळच्या वायरी आणि शेजारचा कडबा पेटू शकतो. ही गोष्ट मी कळकळीने सांगतोय, पहाटेच्या घाईत माणूस एकटाच असतो.

सेल पण दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मधे मिनिटभर थांबा, स्टार्टर जळतो.

## मग इरिडियमचा स्पार्क प्लग कुठे लावायचा?

शेतात स्पार्क प्लग आहेतच, फक्त ट्रॅक्टरमध्ये नाहीत. ब्रश कटर, पॉवर वीडर, पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, चेन सॉ, आणि अर्थात मोटारसायकल. कुणाकडे हौशीने जपलेला जुना पेट्रोल ट्रॅक्टर असेल तर तोही. इथे प्लग निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली आट्यांची लांबी. छोटा प्लग आत नीट पोचत नाही, मोठा पिस्टनला लागतो. दुसरी गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, ती फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची. वीडर-पंपाच्या चार स्ट्रोक इंजिनात साधारण ०.७ ते ०.८ मिमी, ब्रश कटरमध्ये बहुतेक ०.५ ते ०.६, आणि मघाचा तो फोर्ड ८एन घ्याल तर ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिमी. "गॅप वाढवला की ताकद वाढते" असं सांगणारे भेटतात. पाटाचं पाणी ओलांडताना पाट रुंद केला तर उडी मोठी मारावी लागते, जुन्या अशक्त कॉइलला ती जमत नाही आणि लोड आला की मशीन फटफटायला लागतं.

तिसरी गोष्ट उष्णतेची, हीट रेंज. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांमध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली काजळी जळत नाही, साचत जाते. त्यावर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. उकळत्या आमटीत लांब दांड्याची पळी ठेवली तर चटका हातापर्यंत उशिरा येतो, तसं ज्या प्लगचं आतलं पांढरं चिनीमातीचं नाक लांब त्याची उष्णता हळू निघते, तो गरम प्लग. आखूड नाकाचा तो थंड प्लग. इथे एक घोळ आहे, एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम. नंबर सारखा दिसतो म्हणून एका कंपनीचा दुसऱ्याच्या जागी घेऊ नका, तक्ता बघून घ्या.

इरिडियमचं म्हणाल तर धातू खरंच चिवट आहे, २४०० अंशांच्या वर वितळतो, म्हणून टोक सुईसारखं बारीक करता येतं, कमी व्होल्टात ठिणगी पडते आणि आयुष्य जास्त. मोटारसायकलला रोज लांब जाणाऱ्याने बसवावा, ठीक आहे. पण ब्रश कटरला मी घेणार नाही. तिथे प्लग झिजून जात नाही, ऑइल जास्त पडून काळा होतो, आणि काजळीला महागड्या प्लगची भीती नसते. दोन स्ट्रोकला ५० ला १ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) म्हटलंय तर मापानेच ऑइल टाका, एअर फिल्टर धुवा, साधा प्लग हंगामाला एक नवा टाका.

काढलेला प्लग फेकायच्या आधी एकदा टोक बघा. फिकट तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलं तेलकट असेल तर ऑइल वर येतंय किंवा दोन स्ट्रोकात जास्त पडतंय. पांढरं पडलंय, फोड आलेत, तर इंजिन फार तापतंय किंवा चुकीचा प्लग आहे, मशीन चालवू नका.

काढायचं-बसवायचं मात्र हीटर प्लगच्या उलट, इंजिन पूर्ण थंड असताना. या मशिनींची हेडं ॲल्युमिनियमची असतात, गरम असताना पाना मारला की आटेच प्लगबरोबर बाहेर येतात. बोटांनी बसेपर्यंत फिरवा, मग वॉशरवाला नवीन प्लग अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच घट्ट करा. तोच जुना पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, नुसतं टेकल्यावर अगदी थोडासा, फेऱ्याचा बारावा हिस्सा.

## "जुना ट्रॅक्टर मूळ होता तसाच ठेवायचाय"

काकांचं हेच म्हणणं होतं आणि मला ते पटतं. माळेचे दीड-दोन व्होल्टचे प्लग अजून मिळतात, शोधावे लागतात, चारही एकदम आणि एकाच मापाचे घ्यायचे, आणि डॅशबोर्डची तार तशीच ठेवायची, कारण ती त्या माळेचाच भाग आहे. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एकीचा प्लग दुसरीत चालत नाही. भावाला रोज पहाटे फवारणीला निघायचं असतं म्हणून शेवटी समांतरवर ठरलं. पंधरा सेकंद हीटर धरतो आणि सेल मारतो. काढलेली तार, रेझिस्टन्स आणि जुने तीन प्लग काकांनी कागदात गुंडाळून, वर जोडणीचं चित्र काढून, टूलबॉक्समध्ये ठेवलेत.